बेटावर शिकून जनावरांची डॉक्टर व्हायचं, पण कुठल्या गोठ्यासाठी?

कागल तालुक्यातल्या एका मुलीचा प्रश्न आहे. बारावी झाली, नीटचे गुण थोडक्यात कमी पडले, शिरवळ, मुंबई, उदगीर कुठल्याच व्हेटर्नरी कॉलेजात नंबर लागला नाही. शहरातल्या एका एजंटाने कॅरिबियन समुद्रातल्या बेटावरचं व्हेटर्नरी कॉलेज दाखवलंय, निळ्या पाण्याच्या आणि नारळाच्या झाडांच्या फोटोंसकट. मामा अमेरिकेत असतात, ते निम्मा खर्च करतो म्हणालेत. घरी सहा म्हशी आणि दोन एकर ऊस. आईचा जीव घाबरा झालाय. मुलीने विचारलंय की तिथे विद्यार्थ्यांचं रोजचं जगणं कसं असतं, मुलगी एकटी राहू शकते का, आणि शिकून आल्यावर आपल्याच भागात दवाखाना टाकता येईल का. शेवटी एक ओळ: "तिथे म्हशी असतात का मॅडम?"

अगं, तू माझ्या भाचीच्या वयाची, म्हणून एकेरीतच लिहिते. मी परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले. २००९ ते २०१२ ग्रेनाडा नावाच्या कॅरिबियन बेटावर होते. काम गोचिडांवरच्या संशोधनाचं, आणि त्याबरोबर पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना प्रयोगशाळेत शिकवायचं. राहायला त्यांच्यातच, जेवायलाही त्यांच्यातच. परत आल्यापासून करवीर आणि पन्हाळ्याच्या पट्ट्यात गाई-म्हशी बघते, संध्याकाळी शहरात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवते. त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते.

तू विचारलंस बेटावरचं जगणं. पण तुझा खरा पेच वेगळा आहे असं मला वाटतं. तुला आपल्या गावातल्या म्हशींची डॉक्टर व्हायचंय, आणि इथे नंबर लागला नाही म्हणून तू तिकडे बघतेयस. तिकडचं शिक्षण चांगलं आहे का, याचं उत्तर सोपं आहे: चांगलं आहे. ते शिकून तू परत कागलच्या गोठ्यात उभी राहू शकशील का, याचं उत्तर अवघड आहे, आणि निर्णय तिथेच अडणार आहे. म्हणून दोन्हींबद्दल लिहिते. लांब होईल, आईलाही वाचून दाखव.

आधी कॉलेजांविषयी. त्या भागात अमेरिकी धर्तीची दोन नावाजलेली व्हेट कॉलेजं आहेत. सेंट किट्स बेटावर रॉस विद्यापीठाचं, १९८२ पासूनचं. आणि ग्रेनाडावर सेंट जॉर्जेस विद्यापीठाचं, १९९९ पासूनचं. दोघांनाही २०११ साली अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशनची मान्यता मिळाली. मी तेव्हा ग्रेनाडातच होते, त्या दिवशीचा मुलांचा आनंद मला अजून आठवतो. ही मान्यता म्हणजे तिथली पदवी अमेरिकेतल्या कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीने धरली जाते आणि नॅव्हली ही परवान्याची परीक्षा थेट देता येते. एजंटाने दाखवलेलं कॉलेज या दोनांपैकी नसेल तर आधी त्याची मान्यता तपास. मान्यता असलेल्या कॉलेजला आपल्या मुलांचा नॅव्हलीचा निकाल जाहीर करावाच लागतो. तो निकाल बघ, आणि पहिल्या वर्षात बसलेल्यांपैकी किती जण शेवटपर्यंत पोचतात हेही कॉलेजला लेखी विचार.

दुसरी गोष्ट एजंट बहुतेक वेळा सांगत नाहीत. तिथला डीव्हीएम हा जनावरांच्या डॉक्टरकीचा अभ्यासक्रम बारावीनंतर लगेच सुरू होत नाही. अमेरिकेतली मुलं कॉलेजची काही वर्षं जीवशास्त्र, रसायनशास्त्र शिकून मग तिथे येतात. बारावीवरून जाणाऱ्याला आधी पूर्वतयारीची वर्षं करावी लागतात. म्हणजे "चार वर्षांचा कोर्स" असं कानावर पडलं असेल तर तुझ्यासाठी तो सहा-सात वर्षांचा आहे असं धरूनच हिशेब कर. आपल्याकडची जनावरांच्या डॉक्टरची पदवी, बीव्हीएससी, इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षांची आहे.

आता रोजचं जगणं.

ग्रेनाडा देश आजूबाजूची लहान बेटं धरून ३४४ चौरस किलोमीटरचा. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात तसले वीस-बावीस मावतील. मुख्य बेटाची लांबी चौतीस किलोमीटर, म्हणजे कोल्हापुरातून निघालीस तर निपाणी यायच्या आत बेट संपलं. सगळं हिरवंगार, डोंगराळ, पाऊस आपल्या राधानगरी-गगनबावड्यासारखा, जायफळाची झाडं. जायफळ त्यांच्या झेंड्यावरसुद्धा आहे. राजधानी सेंट जॉर्जेस, आणि कॉलेज बेटाच्या दक्षिण टोकाला, समुद्राला लागून. फोटो खोटे नाहीत. पण पहिल्या वर्षातली मुलं समुद्र बघतात तो वर्गात जाता-येता.

सकाळी आठला वर्ग सुरू. आत एसी इतका जोरात की मुलं त्या उन्हाळी बेटावर स्वेटर घालून बसतात, आणि बाहेर पडलं की चष्म्यावर वाफ धरते. दुपारी प्रयोगशाळा. संध्याकाळी जेवण, आणि मग रात्री अकरा-बारापर्यंत अभ्यासिका. दर दोन-तीन आठवड्यांनी कुठली ना कुठली परीक्षा असते. शेवटच्या महिन्यात जोर लावून वर्ष काढायची आपल्याकडची सवय तिथे अजिबात चालत नाही. मी शिकवलेली बरीच मुलं आपापल्या कॉलेजात पहिली आलेली होती आणि अॅनाटॉमीच्या, म्हणजे शरीररचनेच्या, पहिल्या परीक्षेत नापास झाली. त्यातली बहुतेक सावरली. जी सावरली नाहीत ती हुशारीत कमी नव्हती, ती वेळेवर कुणाशी बोलली नव्हती.

अॅनाटॉमीचा पहिला दिवस सांगते. टेबलावर फॉर्मलीनमध्ये राखलेला कुत्रा, डोळ्यांना झोंबणारा वास, चार-चार जणांचा गट. एक मुलगी हातात सुरी धरून नुसती उभी होती. तिने त्याआधी मेलेलं जनावर पाहिलंच नव्हतं, तिच्या घरचं कुत्रं ती लहान असताना दवाखान्यातच गेलं होतं. मी तिचा हात धरून काखेतल्या चरबीच्या थराखालून बोट फिरवायला शिकवलं, कारण तिथल्या नसांचं जाळं सुरीने शोधायला गेलं की तुटतं, बोटाने हलकं हलकं मोकळं करावं लागतं. तेवढ्यात वीज गेली. अंधारात दहा-वीस सेकंद कुणी हललं नाही, मग जनरेटर सुरू झाला आणि तिचं बोट बरोबर त्या पांढऱ्या दोऱ्यांवर होतं. पुढे ती वर्गातली उत्तम शल्यचिकित्सक निघाली. तू सहा म्हशींच्या घरात वाढलीस, वार पडताना, रेडकू उभं राहताना पाहिलंयस. पहिल्या दिवशी तू तिच्यापेक्षा पुढे असशील.

भाषेचं मात्र तुझ्यावर अवलंबून आहे. तू सेमी-इंग्रजीतून शिकलीस की पूर्ण मराठीतून, ते लिहिलं नाहीस. शास्त्राचे शब्द सगळ्यांनाच नवे असतात, त्यांची भीती नको. अडचण येते ती भरभर बोलणाऱ्या प्राध्यापकांची, आणि जनावराच्या मालकाशी बोलण्याची. ग्रेनाडातला शेतकरी त्याच्या ढंगाने इंग्रजी बोलतो. पहिले दोन महिने मला निम्मं कळायचं नाही.

खाण्याचे हाल होतील असं आईला वाटत असेल तर तिला सांग, अळू आणि नीरफणस दोन्ही तिथे घरोघरी शिजतं, नारळाच्या दुधात, हळद घालून. गंमत अशी की हळदीला तिथे सॅफ्रन म्हणतात, त्यामुळे बाजारात केशर समजून आणलेली पुडी उघडली की हळद निघते. तूरडाळ नाही, पण तुरीचे ओले दाणे भरपूर मिळतात. १८५७ साली मेडस्टोन नावाच्या जहाजातून मळ्यांवर काम करायला भारतातले मजूर तिथे नेले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांना आपली भाषा राहिलेली नाही, पण रोटी आणि डाळ हे शब्द आणि ते पदार्थ राहिले. वाटलेली डाळ भरलेली त्यांची रोटी मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा पुरणपोळीतून गूळ काढल्यासारखी लागली आणि डोळ्यांत पाणी आलं. दुधाचं मात्र खरंच दुःख आहे. बहुतेक दूध पावडरचं नाहीतर खोक्यातलं, बाहेरून आलेलं, महाग. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून पेला हातात येतो, त्याची किंमत मला तिथे गेल्यावर कळली.

एकटी मुलगी राहू शकते का? राहू शकते. वर्गात मुलीच जास्त असतात. पहिल्या वर्षी आवाराच्या आतच राहा. बेटावर सगळीकडे छोट्या बस पळतात, आपल्या वडापसारख्या, उतरायचं असेल तर टपावर हात मारायचा. पण रात्री आणि रविवारी त्या जवळजवळ बंद असतात, तेव्हा कॉलेजच्या गाडीनेच जायचं, गटानेच जायचं. मला तीन वर्षांत वाईट अनुभव आला नाही. याचा अर्थ तुला येणारच नाही असा नाही, म्हणून एवढे नियम पाळ.

अवघड असतं ते वेगळंच. आपलं घड्याळ त्यांच्यापुढे साडेनऊ तास. तिथे रात्रीचे नऊ वाजले की इथे सकाळचे साडेसहा. मी रोज त्याच वेळी घरी फोन लावायचे. आई फोन गोठ्यात घेऊन जायची आणि बोलता बोलता चरवीत पडणारी धार मला ऐकू यायची. ते ऐकून मी अभ्यासाला बसायचे. २०११ च्या फेब्रुवारीत आजी गेली. बेटावरून लंडनचं विमान आठवड्यातून मोजकेच दिवस, अमेरिकेतून जायचं म्हटलं तर नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो आणि माझ्याकडे तो नव्हता. लंडन, मुंबई, मग महालक्ष्मी एक्सप्रेस, असं करत मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. तू जाणारच असशील तर अमेरिकेचा व्हिसा आधी मिळवून ठेव. शेवटचं, दवाखान्यात प्रत्यक्ष कामाचं वर्ष बेटाबाहेर, बहुतेकांचं अमेरिकेतच होतं, त्यामुळे तो पुढे लागणारच आहे, आणि तो नाकारला गेला तर पुढे काय, हे आजच मामांशी बोलून घे.

वादळांचंही सांगते. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिथला चक्रीवादळांचा हंगाम. ग्रेनाडा दक्षिणेला असल्याने वादळं वरून निघून जातात असं लोक मानत होते. ७ सप्टेंबर २००४ ला आयव्हन आलं आणि बेटावरच्या दहातल्या नऊ घरांचं नुकसान करून गेलं. जायफळाला लावल्यापासून फळ यायला सात-आठ वर्षं लागतात. मी गेले तेव्हा डोंगरांवर कंबरेएवढी नवी रोपं उभी होती आणि म्हातारे शेतकरी "हे माझ्या नातवाला" म्हणायचे. २०२४ च्या १ जुलैला बेरिल वादळाने त्याच देशातलं कॅरियाकू बेट उद्ध्वस्त केलं. मी स्वतः पाहिलं ते २०१० च्या ऑक्टोबरमधलं तोमास, आमच्या उत्तरेकडून गेलं. आदल्या दिवशी मुलांनी खिडक्यांना प्लायवूड ठोकलं, न्हाणीघरातले टब पाण्याने भरले, वह्या प्लास्टिकमध्ये बांधल्या, आणि मग सगळे मिळून आवारातल्या मेंढ्या-बकऱ्या उंचावरच्या शेडमध्ये हलवायला गेले. २०१९ च्या महापुरात मी हेच काम पुन्हा केलं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना आलं की इशारा आणि ४३ ला धोका, पण दावणीची जनावरं ३९ च्या आधी सोडायला हवीत, हे गावोगाव ओरडून सांगताना मला ती संध्याकाळ आठवत होती. आधी बांधलेलं जनावर सोडायचं, मग सामान हलवायचं. हे मी बेटावर शिकले.

शिक्षणाच्या दृष्टीने बेटाची खरी श्रीमंती म्हणजे तिथले आजार. थंड प्रदेशातल्या कॉलेजात जे पुस्तकात चित्र म्हणून दिसतं ते तिथे रोज टेबलावर येतं. रस्त्यावरच्या कुत्र्यांना ते पॉटहाउंड म्हणतात. त्यांच्या अंगावर जी तपकिरी गोचीड असते तीच आपल्या शिवाजी पेठेतल्या कुत्र्याच्या कानात असते, अगदी तीच जात. तिच्यातून एर्लिकिया हा रक्ताचा आजार होतो. कुत्रं खात नाही, ताप, हिरड्या पांढऱ्या, आणि एक दिवस नाकातून रक्त. मुलांना आम्ही सांगायचो की रक्ताचा थेंब कानाच्या कडेवरून घ्या, काचेवर पातळ ओढा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली यंत्राचा आकडा बघण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी प्लेटलेट मोजा. कारण छोट्या दवाखान्यात यंत्र नसतं, असलं तर बिघडलेलं असतं. मी आजही तसंच करते. मागच्या पावसाळ्यात एक लॅब्राडोर आला, मालक म्हणाले नाकाला मार लागलाय. सूक्ष्मदर्शकाखाली एका क्षेत्रात दोनसुद्धा प्लेटलेट नव्हत्या, आणि एका पांढऱ्या पेशीच्या पोटात जांभळ्या दाण्यांचा तो गठ्ठा दिसला. डॉक्सीसायक्लिन सुरू केलं, तिसऱ्या दिवशी कुत्रं भाकरी मागत होतं. ही नजर मला बेटाने दिली.

आणि मुंगूस. आपल्या उसाच्या फडातून बांधावर पळणारं मुंगूस तू रोज बघत असशील. १८७२ मध्ये उसातले उंदीर मारायला भारतातून ते जमैकात नेलं आणि तिथून बेटाबेटांवर सोडलं. उंदीर रात्री फिरतो, मुंगूस दिवसा, त्यामुळे व्हायचा तेवढा उपयोग झाला नाही, आणि त्याने पक्ष्यांची अंडी संपवली. आज ग्रेनाडात रेबीज टिकून आहे तो या मुंगसांमध्ये. सेंट किट्सवर मुंगूस आहे पण रेबीज नाही. त्यामुळे ग्रेनाडात गेलीस तर रेबीजची प्रतिबंधक लस आधी घ्यावी लागेल, आणि मुंगूस चावलेलं वासरू किंवा कुत्रं आलं तर काय करायचं, ते तिथे बारकाईने शिकवतात.

ऊसही तिथे आहेच. ग्रेनाडात रिव्हर अँटवान नावाची रमची भट्टी १७८५ पासून पाणचक्कीवर ऊस गाळते. चिपाड वाळवून तेच जाळायचं, एकामागून एक काहिलीत रस आटवायचा. मी तिथे उभी राहिले तेव्हा वास थेट आपल्या गुऱ्हाळाचा. सेंट किट्सवर साडेतीनशे वर्षांचा ऊस २००५ साली कायमचा बंद झाला.

इथपर्यंत वाचून तुला जावंसं वाटेल. म्हणून आता दुसरी बाजू, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते.

तिथे मोठी जनावरं आहेत, पण कमी. रस्त्याकडेला खुंटीला बांधलेल्या बकऱ्या, लोकर नसलेल्या मेंढ्या, सेंट किट्सवर गाढवं, थोड्या गाई. अभ्यासक्रम अमेरिकेतल्या नोकरीसाठी बांधलेला आहे, आणि तिथे बहुतेक काम कुत्र्या-मांजरांचं. दुधाचं जे शिकवतात तेही होल्स्टीन गाईचं. तुझ्या घरचं दूध गोकुळला जात असेल. गोकुळच्या डेअरीत जिचं दूध जातं त्या म्हशीचे आजार, तिचं माजावर येणं, तिचं अडणं, यातलं फार थोडं त्या पुस्तकांत आहे.

एक उदाहरण देते. गेल्या वर्षी पन्हाळ्याच्या पायथ्याच्या वाडीत रात्री दोनला गेले. तिसऱ्या वेताची म्हैस, संध्याकाळपासून उठबस, कळा देते पण पुढे काही नाही. हात घातला तर वाट उजवीकडे वळत, पिळलेल्या धोतरासारखी आवळत गेलेली. गर्भाशयाला पीळ. गाईंमध्ये हा पीळ बहुधा डावीकडे पडतो, म्हशींमध्ये बहुतेक वेळा उजवीकडे, आणि म्हशींमध्ये एकूणच जास्त वेळा पडतो. तिला उजव्या कुशीवर पाडलं, पुढचे पाय एकत्र आणि मागचे एकत्र बांधले, गोठ्याच्या दाराची फळी तिच्या पोटावर तिरकी टेकवली, फळीवर मालकाचा धाकटा मुलगा उभा केला. मग चौघांनी दोर ओढून तिला उजवीकडेच लोळवली. पहिल्या खेपेला काही नाही. दुसऱ्या खेपेला काही नाही. तिसऱ्या वेळी हात घातला आणि वाट मोकळी, भळकन पाणी आलं. रेडी जिवंत निघाली. हे मी बेटावर शिकले नाही, पुस्तकातूनही नाही. परळच्या इंटर्नशिपमध्ये आरेच्या गोठ्यांवर एका ज्येष्ठ डॉक्टरांबरोबर शिकले आणि नंतर इथल्या वाड्यांवर.

तसंच वाड्याचं. ऊसतोड सुरू झाली की सगळे म्हशींना वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, घालतात, कारण फुकट मिळतं. त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि व्यालेली म्हैस तिसऱ्या दिवशी मान पोटाला लावून बसते. कॅल्शियमची बाटली शिरेतून हळूहळू सोडायची, एका हाताने छातीचे ठोके बघत. कागलमध्ये डॉक्टर व्हायचं तर रोज हे आहे.

आता कायद्याचं. भारतात व्हेटर्नरी डॉक्टर म्हणून काम करायला नोंदणी लागते, ती भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ प्रमाणे. कुठल्या पदव्या चालतात याच्या याद्या त्या कायद्याला जोडलेल्या आहेत, पहिल्या अनुसूचीत इथल्या, दुसऱ्या अनुसूचीत परदेशी. तुझ्या कॉलेजची पदवी त्यात बसते का, बसत नसेल तर पुढे काय, हे दिल्लीच्या भारतीय पशुवैद्यक परिषदेला आणि महाराष्ट्राच्या राज्य परिषदेला पत्र लिहून विचार आणि उत्तर लेखी घे. ते उत्तर हातात आल्याशिवाय एजंटाला एक रुपया देऊ नकोस. नोंदणी नसेल तर स्वतःचा दवाखाना नाही, आणि एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारीही होता येणार नाही.

आणि पैसे. फी, राहणं, विमानं आणि शेवटचं वर्ष धरून हा खर्च दोन लाख डॉलरच्या पुढे जातो, म्हणजे रुपयांत दीड कोटीच्या वर. तिथली बहुतेक मुलं अमेरिकी सरकारच्या शैक्षणिक कर्जावर शिकतात आणि अमेरिकेतल्या पगारातून वीस-वीस वर्षं ते फेडतात. तुला ते कर्ज मिळणार नाही. निम्मा मामांचा असला तरी उरलेला निम्मा कोल्हापुरातल्या कुठल्याही जनावरांच्या डॉक्टरला कमावून फिटण्यासारखा नाही. मी चांगली चालणारी प्रॅक्टिस करते, तरीही सांगते, फिटणार नाही. म्हणजे कर्ज काढून गेलीस तर अमेरिकेत राहावंच लागेल. तुला तिथेच राहायचं असेल, कुत्र्या-मांजरांचं काम मनापासून आवडत असेल, मामांकडचा आधार पक्का असेल, तर बेटाचा रस्ता योग्य आहे आणि मी तुला जा म्हणेन. तुला म्हशींकडे परत यायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे, जाऊ नकोस.

मी तुझ्या जागी असते तर एक वर्ष थांबले असते. थोडक्यात हुकलेला नंबर एक वर्ष मन लावून अभ्यास केला की लागू शकतो, मी अशा तीन मुली पाहिल्यात, त्यातली एक आज शिरवळला तिसऱ्या वर्षाला आहे. राज्याच्या जागा आणि अखिल भारतीय कोट्यातल्या १५ टक्के जागा, दोन्हींकडे अर्ज कर. बीव्हीएससी झाल्यावर अमेरिकेची ओढ राहिलीच तर तेव्हाही वाट बंद नसते. ईसीएफव्हीजी म्हणून परदेशी पदवीधरांसाठी प्रमाणपत्र आहे: कागदपत्रं, इंग्रजी, लेखी परीक्षा आणि मग हाताने काम करून दाखवायची परीक्षा, आणि त्याबरोबर नॅव्हली. कठीण आहे, खर्चिक आहे, पण दीड कोटीचं ओझं नाही. माझ्या वर्गातले काही जण तसे गेले. आणि बेटच बघायचं असेल तर माझ्यासारखं नंतर, संशोधनासाठी, शिष्यवृत्तीवर जाता येतं.

या थांबलेल्या वर्षात एक कर. गावाजवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचार, आठवड्यातून दोन दिवस नुसतं बघायला येऊ का म्हणून. गमबूट स्वतःचे ने, नखं कापलेली ठेव, आणि रात्रीच्या कॉलला घरचे सोडत असतील तर एकदा तरी जा. पहाटे चारला शेणात गुडघे टेकून बसल्यावरही तुला हेच करायचंय असं वाटलं, तर आईची समजूत तू सहज घालू शकशील.

म्हशींचं विचारलंस. ग्रेनाडात मला एकही दिसली नाही. पण जवळच त्रिनिदाद बेट आहे, तिथे आहेत. मळ्यांवर ऊस ओढायला भारतातून मुऱ्हा, जाफराबादी अशा म्हशी नेल्या होत्या, त्यांच्यातून तिथल्या डॉ. स्टीव्ह बेनेट या पशुवैद्याने मांसासाठी एक नवी जात तयार केली. नाव बफेलिप्सो. मी एकदा तीन दिवसांसाठी गेले होते तेव्हा मुद्दाम त्या बघायला गेले. तांबूस रंग, पाठ सपाट, मांड्या भरलेल्या. कुंपणाशी उभं राहून मी आपण घालतो तशी हाक घातली. एक म्हातारी म्हैस चिखलातून उठून थेट माझ्याकडे आली.